विश्लेषण: कोर्टात निर्दोष, पडद्यावर कायमचा दोषी! कोण होता ‘फॅटी’ आर्बकल?

हॉलिवूडमध्ये १९२१ साली एक विनोदी चित्रपट बनून तयार होता. नाव ‘लीप इयर’. नायक त्या काळातला जगातला सर्वात महागड्या कलाकारांपैकी एक, दिग्दर्शक जेम्स क्रूझ आणि पाठीशी पॅरामाउंटसारखी बलाढ्य कंपनी. तरीही हा चित्रपट त्या काळी अमेरिकेत प्रदर्शित झालाच नाही. युरोपात काही ठिकाणी तो दाखवला गेला आणि मग बराच काळ विस्मरणात गेला.

आज तो पाहिला तर पहिल्यांदा जाणवतं की चित्रपट फारसा जमलेला नाही. बायकांचा तिटकारा असलेल्या श्रीमंत काकाचा पुतण्या, गोंधळला की तोतरं बोलणारा. काकाच्या नर्सवर त्याचं प्रेम. मनःशांतीसाठी तो कॅटालिना बेटावर जातो आणि तिथे भेटणाऱ्या प्रत्येक तरुणीला वाटतं की याने आपल्याला लग्नाची मागणी घातली. मग धावपळ, लपाछपी आणि झटके आल्याची नाटकं. एकच विनोद तासभर ताणलेला. पण दुसरीही एक गोष्ट जाणवते, आणि ती जास्त अस्वस्थ करते. स्त्रियांच्या बाबतीत गैरसमज होऊन अडकलेल्या माणसाची ही भूमिका करणारा नट काही आठवड्यांतच एका तरुणीच्या मृत्यूप्रकरणी तुरुंगात होता.

हा नट म्हणजे रॉस्को आर्बकल. प्रेक्षकांसाठी ‘फॅटी’. त्याच्यावर तीन वेळा खटला चालला. तिसऱ्यांदा ज्युरीने त्याला निर्दोष तर ठरवलंच, वर लेखी दिलगिरीही व्यक्त केली. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांत त्याच्यावर चित्रपटबंदी आली. कलाकारावर आरोप झाला की त्याच्या कामाचं काय करायचं, हा प्रश्न आज दर काही महिन्यांनी आपल्या मोबाइलवर येऊन आदळतो. शंभर वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर विचारला गेला, तो याच माणसाच्या निमित्ताने.

नकोसा मुलगा

रॉस्को आर्बकलचा जन्म २४ मार्च १८८७ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात स्मिथ सेंटर या छोट्या गावी झाला. जन्मतःच बाळाचं वजन साधारण ६ किलो होतं. आई-वडील दोघेही सडपातळ. त्यामुळे हे मूल आपलं नाहीच, असा संशय वडिलांच्या मनात बसला. त्यांनी मुलाला नावही दिलं ते स्वतःला न आवडणाऱ्या, बाहेरख्यालीपणासाठी बदनाम असलेल्या रॉस्को कॉन्कलिंग या राजकारण्याचं. म्हणजे मुलाच्या नावातच बापाचा राग होता.

रॉस्को दोन वर्षांचाही नव्हता, तेव्हा कुटुंब कॅलिफोर्नियातल्या सांता अ‍ॅना इथे गेलं. आठव्या वर्षी तो एका फिरत्या नाटक कंपनीत पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिला. आईला त्याचं कौतुक होतं. पण तो साधारण १२ वर्षांचा असताना ती गेली. वडिलांनी त्याला पोसायला नकार दिला. मग सॅन होजेतल्या एका हॉटेलात पडेल ते काम करून तो पोट भरू लागला. काम करताना तो गात असे. आवाज गोड होता. तो ऐकून कुणीतरी त्याला हौशी कलाकारांच्या स्पर्धेत उतरायला सांगितलं.

या स्पर्धांची एक क्रूर पद्धत होती. प्रेक्षकांना कलाकार आवडला नाही की पडद्यामागून लांब आकडी काठी यायची आणि त्याला मंचावरून ओढून न्यायची. रॉस्कोचं गाणं लोकांना रुचलं नाही. आकडी येताना दिसली तसा तो घाबरला आणि ती चुकवायला कोलांटी मारून थेट वादकांच्या खड्ड्यात जाऊन पडला. प्रेक्षागृह हसून लोटपोट झालं. स्पर्धा त्याने जिंकली आणि आपल्या जाड शरीराला हवं तसं वळवता येतं, हेही त्याला कळलं.

१९०४ मध्ये सिड ग्रॉमन या नाट्यगृहचालकाने त्याला सॅन फ्रान्सिस्कोतल्या युनिक थिएटरमध्ये गायला बोलावलं. ग्रॉमन आणि सॅन फ्रान्सिस्को ही दोन्ही नावं लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहेत. १९०८ मध्ये त्याने मिंटा डर्फी या सहकलाकार तरुणीशी लग्न केलं आणि १९०९ मध्ये सेलिग कंपनीच्या एका छोट्या चित्रपटातून तो कॅमेऱ्यासमोर आला.

चॅप्लिनच्या आधीचा स्टार

खरी भरारी सुरू झाली १९१३ मध्ये, मॅक सेनेटच्या कीस्टोन स्टुडिओत. धावपळ, धडपड आणि पोलिसांची फजिती हा कीस्टोनचा ठरलेला मसाला. सव्वाशे किलोच्या आसपास वजनाचा आर्बकल त्यात एखाद्या डोंबाऱ्यासारखा सहज उड्या मारायचा, पडायचा, नाचायचा. दारात अडकणं किंवा खुर्ची मोडणं असले लठ्ठपणावरचे सोपे विनोद करायला तो तयार नसे. ‘फॅटी’ हे नावही त्याला आवडत नसे. पडद्याबाहेर कुणी त्या नावाने हाक मारली तर आपलं नाव रॉस्को आहे, याची तो आठवण करून देई.

मेबल नॉर्मंड या गुणी अभिनेत्रीबरोबरची त्याची जोडी अफाट गाजली. १९१६ चा ‘फॅटी अँड मेबल अड्रिफ्ट’ आजही पाहण्यासारखा आहे. नवविवाहित जोडप्याचं समुद्रकाठचं घर खलनायक लाटांमध्ये ढकलतो, पलंग तरंगू लागतो, आणि मदतीला धावतो तो कुत्रा. हा ल्यूक नावाचा कुत्रा आर्बकल दाम्पत्याच्या घरचाच होता.

१९१४ मध्ये कीस्टोनमध्ये एक नवा इंग्रज नट आला. नाव चार्ली चॅप्लिन. त्याचा जगप्रसिद्ध ट्रॅम्प जन्माला आला तेव्हा अंगावरची ती ढगळ पँट आर्बकलची होती, असं सांगितलं जातं. ‘द राउंडर्स’ या त्या वर्षीच्या चित्रपटात दोघे झिंगलेल्या नवऱ्यांच्या भूमिकेत बरोबरीने दिसतात. तेव्हा अनुभवी कलाकार आर्बकल होता.

बस्टर कीटनला कॅमेऱ्यासमोर आणणाराही तोच. १९१७ मध्ये आर्बकलने जोसेफ शेंकबरोबर कॉमिक नावाची स्वतःची कंपनी काढली होती. न्यूयॉर्कमध्ये तिच्या ‘द बुचर बॉय’ या पहिल्या चित्रपटाचं काम चालू असताना कीटन सहज पाहायला आला. आर्बकलने त्याला तिथल्या तिथे एका दृश्यात उभं केलं. पिठाची पोती अंगावर झेलत कीटनची कारकीर्द सुरू झाली आणि एक मैत्रीही, जी पुढच्या सगळ्या वादळात टिकली.

१९१८ मध्ये पॅरामाउंटने आर्बकलशी तीन वर्षांसाठी ३० लाख डॉलरचा करार केल्याची नोंद आहे. म्हणजे वर्षाला १० लाख डॉलर. त्या काळात हा आकडा लोकांना खोटा वाटावा असा होता. १९२० मध्ये ‘द राउंड अप’मधून तो दोन रिळांच्या छोट्या चित्रपटांतून पूर्ण लांबीच्या चित्रपटांकडे वळला आणि १९२१ मध्ये तर त्याचे चित्रपट एकामागून एक तयार होत होते. ‘लीप इयर’ त्यातलाच एक. त्याचा सैलपणा पाहताना ही घाईही लक्षात घ्यायला हवी. स्टुडिओला तेव्हा चित्रपटाच्या दर्जापेक्षा पोस्टरवरचं नाव महत्त्वाचं होतं.

५ सप्टेंबर १९२१ ला काय घडलं?

सलग कामानंतर सप्टेंबरच्या सुट्टीत आर्बकल दोन मित्रांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. सेंट फ्रान्सिस हॉटेलच्या बाराव्या मजल्यावर १२१९, १२२० आणि १२२१ या लागून असलेल्या खोल्या घेतल्या. ५ सप्टेंबरला, लेबर डेच्या दिवशी, तिथे पार्टी झाली. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती; तरीही दारू भरपूर होती. पाहुणे येत-जात होते. त्यात व्हर्जिनिया रॅपी होती आणि तिच्याबरोबर आलेली मॉड डेलमाँटही.

दुपारी रॅपीला १२१९ क्रमांकाच्या खोलीत असह्य वेदना सुरू झाल्या. काही वेळ त्या खोलीत तिच्यासोबत फक्त आर्बकल होता आणि दार बंद होतं. सगळा खटला या काही मिनिटांभोवती फिरला. आर्बकलचं म्हणणं असं, की तो कपडे बदलायला गेला, तेव्हा ती बाथरूममध्ये उलट्या करत पडलेली दिसली. त्याने तिला उचलून पलंगावर झोपवलं आणि इतरांना बोलावलं. सरकारी पक्षाचं म्हणणं असं, की त्याने तिच्यावर जबरदस्ती केली आणि त्याच्या वजनाखाली तिचं मूत्राशय फाटलं.

पुढचे तीन दिवस काय झालं, हे या प्रकरणात फार कमी सांगितलं जातं. पार्टीतल्या लोकांनी तिला दारू चढली असावी असं समजून थंड पाण्याच्या टबात बसवलं, अंगावर बर्फ ठेवला. हॉटेलच्या डॉक्टरांनाही सुरुवातीला हा नशेचाच प्रकार वाटला. आर्बकल दुसऱ्या दिवशी लॉस एंजेलिसला परतला. रॅपी हॉटेलच्याच खोलीत पडून राहिली. ८ सप्टेंबरला तिला एका खासगी रुग्णालयात हलवलं आणि ९ सप्टेंबरला ती गेली. मृत्यूचं कारण होतं फाटलेल्या मूत्राशयामुळे पोटात पसरलेला जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक्स यायला अजून बरीच वर्षं होती.

गुन्हा दाखल कसा झाला?

तक्रार केली डेलमाँटने. रॅपीने वेदनेत आर्बकलचं नाव घेतलं आणि त्यानेच हे केलं, असा तिचा दावा होता. जिल्हा सरकारी वकील मॅथ्यू ब्रॅडी राजकीय महत्त्वाकांक्षा बाळगून होता. त्याने थेट खुनाचा आरोप लावला. आर्बकल जवळपास तीन आठवडे तुरुंगात राहिला. २८ सप्टेंबरला न्यायाधीश सिल्व्हेन लाझरस यांनी आरोप सदोष मनुष्यवधापर्यंत खाली आणला आणि ५ हजार डॉलरच्या जामिनावर त्याची सुटका झाली.

गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, अशी की ज्या साक्षीवर सगळं उभं होतं, ती डेलमाँट तिन्ही खटल्यांत सरकारी पक्षाने एकदाही साक्षीदार म्हणून उभी केली नाही. तिची विधानं सतत बदलत होती. पहिलं लग्न कायम असताना दुसरं केल्याचा आरोपही तिच्यावर होता. उलटतपासणीत ती टिकणार नाही, हे वकिलांना कळलं होतं. पण हे लोकांना कळेपर्यंत तिची आवृत्ती देशभर छापून झाली होती.

वृत्तपत्रांनी काय केलं?

इथे आमच्या धंद्याबद्दल बोलावं लागेल. विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या वृत्तपत्रसाखळीने हे प्रकरण अक्षरशः लावून धरलं. रोज नवे मथळे, कल्पनेने रंगवलेली वर्णनं, जोडून तयार केलेली चित्रं. आर्बकलचं जाड शरीर, ज्यावर आदल्या दिवसापर्यंत देश हसत होता, तेच आता राक्षसाचं म्हणून दाखवलं जाऊ लागलं. लुसिटानिया जहाज बुडालं तेव्हा खपले नव्हते एवढे अंक या प्रकरणाने खपवले, असं हर्स्टच्या नावावर सांगितलं जातं. ते त्याने म्हटलं असो वा नसो, खपाचं गणित खरं होतं.

चित्रपटगृहांनी खटल्याची वाट पाहिली नाही. लॉस एंजेलिसमध्ये त्याचा ‘गॅसोलिन गस’ लागला होता, तो उतरवला गेला. उतरवणारा होता सिड ग्रॉमन, म्हणजे १७ वर्षांपूर्वी त्याला पहिली मोठी संधी देणारा तोच. देशभर एकामागून एक शहरात त्याचे चित्रपट बंद झाले. तयार असलेले ‘लीप इयर’सारखे चित्रपट पॅरामाउंटने कपाटात ठेवले.

तीन खटले, तीन निकाल

पहिला खटला १४ नोव्हेंबर १९२१ ला सुरू झाला. बचाव पक्षाचे प्रमुख होते गॅव्हिन मॅकनॅब. आर्बकलने स्वतः साक्ष दिली. रॅपीला मूत्राशयाचा जुना आजार असल्याचे वैद्यकीय दाखले पुढे आले. शरीरावर जबरदस्तीच्या स्पष्ट खुणा नव्हत्या. सरकारी पक्षाने १२१९ च्या दारावरचे बोटांचे ठसे आणले. त्यांच्या विश्वासार्हतेवर बचाव पक्षाने प्रश्न उभे केले. ज्युरीत १० जण सुटकेच्या बाजूने, २ जण विरोधात. एकमत नाही, म्हणून निकाल नाही.

दुसरा खटला जानेवारी १९२२ मध्ये. सरकारी पक्षाच्या एका महत्त्वाच्या साक्षीदार तरुणीने आपल्यावर दबाव आणला गेल्याचं सांगितलं. बचाव पक्षाला वाटलं खटला जिंकलाच. म्हणून त्यांनी आर्बकलला साक्षीला उभंच केलं नाही. हा डाव उलटला. त्याचं गप्प राहणं ज्युरीतल्या काहींना अपराधाची कबुली वाटली आणि बहुमत या वेळी त्याला दोषी धरण्याच्या बाजूने गेलं. पण एकमत पुन्हा नाही. याच दिवसांत, १ फेब्रुवारीला, दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर यांचा लॉस एंजेलिसमध्ये खून झाला आणि हॉलिवूड म्हणजे पापाची नगरी ही प्रतिमा आणखी घट्ट झाली.

तिसरा खटला १३ मार्च ते १२ एप्रिल १९२२. या वेळी आर्बकल पुन्हा साक्षीला उभा राहिला आणि बचाव पक्षाने एकेक मुद्दा नव्याने मांडला. ज्युरी आत गेली आणि सहा मिनिटांत बाहेर आली. त्यातलाही बराचसा वेळ निकालपत्राबरोबर वाचायचं निवेदन लिहिण्यात गेला होता. केवळ सुटका पुरेशी नाही, या माणसावर मोठा अन्याय झाला आहे आणि त्याला गुन्ह्याशी जोडणारा पुरावाच नाही, असा त्याचा आशय होता. गुन्हेगारी खटल्यात ज्युरीने अशी दिलगिरी व्यक्त करणं अत्यंत दुर्मीळ.

आर्बकलवर सिद्ध झाला तो एकच गुन्हा, दारूबंदीचा भंग. दंड ५०० डॉलर.

मग बंदी का आली?

कारण कोर्ट वेगळं आणि धंदा वेगळा. हॉलिवूडवर तेव्हा सरकारी सेन्सॉरशिपची टांगती तलवार होती. महिला मंडळं, चर्च आणि राज्यांची कायदेमंडळं कारवाई मागत होती. ती टाळण्यासाठी स्टुडिओंनी १९२२ च्या सुरुवातीला स्वतःची संघटना उभी केली आणि तिच्या प्रमुखपदी अमेरिकेचे माजी पोस्टमास्टर जनरल विल हेज यांना बसवलं. काम एकच: उद्योग स्वतःला शिस्त लावतोय, हे देशाला दाखवणं.

दाखवण्यासाठी एक चेहरा हवा होता. १८ एप्रिल १९२२ ला, निर्दोष सुटकेच्या सहाव्या दिवशी, हेज यांनी आर्बकलचे चित्रपट दाखवण्यावर बंदी जाहीर केली. डिसेंबरमध्ये ती उठवली. पण ती उठताच पुन्हा निषेध सुरू झाले आणि कुठल्याही स्टुडिओने त्याला नायक म्हणून उभं करायचं धाडस केलं नाही. कागदावरची बंदी आठ महिन्यांची, प्रत्यक्षातली दहा वर्षांची. याच हेज यांच्या नावाने ओळखली जाणारी नियमावली पुढे १९३० मध्ये आली आणि १९३४ पासून ती काटेकोरपणे लागू झाली.

दरम्यान वकिलांचा खर्च ७ लाख डॉलरच्या पुढे गेला होता. घर विकलं, गाड्या विकल्या. मिंटा काही वर्षांपासून वेगळी राहत होती, तरी खटल्याच्या काळात ती रोज त्याच्याबरोबर कोर्टात बसली. १९२५ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला.

बापाच्या नावामागे लपलेला दिग्दर्शक

१९२३ मध्ये जेम्स क्रूझने, म्हणजे ‘लीप इयर’च्याच दिग्दर्शकाने, ‘हॉलिवूड’ नावाचा चित्रपट काढला. त्यात कामाच्या शोधात स्टुडिओच्या खिडकीशी एक जाड माणूस उभा असतो आणि त्याच्या तोंडावर खिडकी बंद होते. तो माणूस आर्बकल होता. हा चित्रपट आज उपलब्ध नाही, पण यापेक्षा नेमकं वर्णन त्याच्या त्या वर्षांचं करता येणार नाही.

मित्र मात्र उभे राहिले. कीटनने आपल्या कंपनीच्या नफ्यातला वाटा त्याला देऊ केला आणि १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनियर’च्या सुरुवातीच्या दिग्दर्शनासाठी बोलावलं. पण अपमान आणि ताण यांनी आर्बकल इतका चिडचिडा झाला होता की ते जमलं नाही, आणि चित्रपट कीटननेच पूर्ण केला.

पडद्यावर नाव चालणार नव्हतं. मग तो विल्यम गुडरिच या नावाने छोटे विनोदी चित्रपट दिग्दर्शित करू लागला. हे नाव म्हणजे त्याच्या वडिलांच्या नावाचेच पहिले दोन शब्द. ज्या बापाने आपलं मूल मानलं नाही, त्याच्याच नावाने मुलाला भाकरी मिळू लागली. त्याआधी कीटनने थट्टेत विल बी. गुड असं नाव सुचवलं होतं म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, यापुढे नीट वागेन.

नियतीचा आणखी एक विनोद १९२७ चा. त्या वर्षी ‘द रेड मिल’ हा चित्रपट त्याने दिग्दर्शित केला. नायिका होती मॅरियन डेव्हिस, हर्स्टची प्रेयसी, आणि निर्मिती हर्स्टच्याच कंपनीची. ज्याच्या मथळ्यांनी त्याला संपवलं, त्याच्याच पैशांवर तो काम करत होता.

१९३१ चा ‘विंडी रायली गोज हॉलिवूड’ हा मात्र कुणालाच अभिमान वाटू नये असा चित्रपट. स्वस्तात उरकलेला, विनोद निसटलेला. नायिका लुईस ब्रुक्स, जिची कारकीर्दही तेव्हा उताराला लागली होती. सेटवर आर्बकल खुर्चीत निमूट बसून असायचा, दिग्दर्शन असं तो करतच नव्हता, अशी आठवण तिने पुढे सांगितली. अडगळीत टाकलेली दोन माणसं मिळून वाईट विनोदी चित्रपट बनवत होती, एवढंच त्याचं वर्णन.

शेवटचं पुनरागमन

१९३२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने धाडस केलं. दोन रिळांचे सहा छोटे बोलपट, स्वतःच्या नावाने, ब्रुकलिनच्या स्टुडिओत. पहिला ‘हे, पॉप!’. ब्रिटनमध्ये त्याला परवानगी नाकारली गेली, पण अमेरिकेत लोकांनी तो हसत पाहिला. प्रेक्षकांना पहिल्यांदाच त्याचा आवाज पडद्यावर ऐकायला मिळाला. हाच आवाज ऐकून कधीकाळी त्याला हॉटेलातून मंचावर पाठवलं गेलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने अ‍ॅडी मॅकफेलशी लग्न केलं. हे त्याचं तिसरं लग्न.

२८ जून १९३३ ला सहाव्या चित्रपटाचं काम संपलं. दुसऱ्या दिवशी वॉर्नरने त्याच्याशी पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा करार केला. संध्याकाळी मित्रांबरोबर करार आणि लग्नाचा पहिला वाढदिवस साजरा झाला. त्याच रात्री झोपेत हृदयविकाराचा झटका येऊन तो गेला. वय ४६. त्याच्या अस्थी प्रशांत महासागरात विसर्जित करण्यात आल्या.

आणि व्हर्जिनिया रॅपी?

या गोष्टीत अन्याय झालेली व्यक्ती एकच नाही. व्हर्जिनिया रॅपी लहानपणीच आईला पारखी झाली, आजीने तिला वाढवलं. शिकागोत मॉडेल म्हणून काम करत ती स्वतःच्या पायावर उभी राहिली, कपड्यांची डिझाइन्स केली, मग चित्रपटांत आली. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोबरोबर तिने काम केलं. हेन्री लेहरमनच्या विनोदी चित्रपटांत ती होती.

पण आर्बकलला वाचवायचं तर तिला बदनाम करायचं, हा सोपा रस्ता बचाव पक्षाने खटल्यात धरला आणि पुढे अनेक लेखकांनी तो आणखी रुंद केला. तिच्या चारित्र्याबद्दल, आजारांबद्दल वाटेल ते लिहिलं गेलं. यातलं बरंचसं ऐकीव आहे. दुसऱ्या बाजूला, बाटलीने अत्याचार केल्याची जी कथा आजही सोशल मीडियावर फिरते, तो आरोप तीनपैकी एकाही खटल्यात कुणी मांडला नव्हता. अशा अफवांना केनेथ अँगर यांच्या ‘हॉलिवूड बॅबिलोन’सारख्या पुस्तकांनी दीर्घायुष्य दिलं.

आर्बकलही त्या दिवशी संत नव्हता. रॅपीला बर्फ लावण्यावरून त्याने मित्रांसमोर अश्लील शेरेबाजी केल्याची साक्ष कोर्टात झाली होती. मरणाच्या वेदनेत असलेल्या स्त्रीच्या आसपास खोलीभर माणसं होती आणि तिला वेळेत योग्य उपचार मिळाले नाहीत, ही गोष्ट कुणाच्या सुटकेने पुसली जात नाही. तो खुनी होता असं म्हणायला पुरावा नाही. त्यासाठी ती खोटारडी किंवा वाईट चालीची होती, असं म्हणण्याची गरजही नाही.

आज त्याचे चित्रपट पाहावेत का?

या प्रकरणाचा आधार घेऊन दोन टोकाचे निष्कर्ष काढले जातात. एक, प्रत्येक आरोप हा आर्बकलसारखाच खोटा असतो. दुसरा, नाव आलं की माणूस संपवायचाच. दोन्ही चुकीचे. आर्बकलच्या बाबतीत आरोपाची कोर्टात तीनदा तपासणी झाली, साक्षी-पुरावे समोर आले आणि मग निकाल लागला. दुसऱ्या एखाद्या प्रकरणात पुरावे भक्कम असू शकतात, किंवा प्रकरण कोर्टापर्यंत पोहोचूच दिलं जात नाही. म्हणून प्रत्येक प्रकरण त्याच्या त्याच्या पुराव्यावर तपासायला हवं. १९२१ मध्ये क्रम उलटा झाला. शिक्षा सप्टेंबरमध्ये झाली आणि निकाल एप्रिलमध्ये लागला. आणि निकालानंतरही शिक्षा मागे घेणं कुणाच्या फायद्याचं नव्हतं.

चित्रपटांपुरतं बोलायचं तर त्याचे बरेच मूकपट आज इंटरनेटवर मोफत पाहता येतात. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या कामाचा स्वतंत्र महोत्सव भरवला होता. सुरुवात ‘लीप इयर’ने करू नका, तो कमकुवतच आहे. ‘फॅटी अँड मेबल अड्रिफ्ट’ पाहा, मग ‘द बुचर बॉय’. पंचवीस-तीस मिनिटांचे चित्रपट आहेत, लोकल ट्रेनच्या एका प्रवासात संपतील. त्यानंतर ‘लीप इयर’ पाहिला, तर एरवी घाईत बनलेला आणि विसरला गेला असता असा हा साधा, फसलेला विनोदी चित्रपट का जपला गेला ते कळेल. पडद्यावर कॅटालिनाच्या उन्हात धावत सुटलेल्या त्या माणसाला पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नाही. आपल्याला आहे. त्यामुळेच त्यातल्या विनोदांवर हसू येता येता थांबतं.